वळण : वऱ्हाडातल्या मायेचा आणि धाकाचा इतिहास

१८८४ च्या सुमाराची गोष्ट. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरा या गावी आठ वर्षांचा एक मुलगा आईसोबत मामाच्या घरी राहायला आला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरातला. बाप झिंगराजी दारूपायी गेलेला. मामाकडे वावर होतं, गुरं होती, तेव्हा पोराच्या हाती काठी आली आणि तो गुरांमागे जाऊ लागला. घरात माया होती. आई सखुबाई, मामा चंद्रभान आणि आजोळची सगळी माणसं लेकराला जीव लावत होती. पण या पोरानं शिकावं, काही व्हावं, अशी अपेक्षा गावात कोणाच्या मनात नव्हती, घरच्यांच्याही नव्हती. गुराख्याकडून अपेक्षा कसली करायची? गुरं संध्याकाळी मोजून परत आली म्हणजे झालं.

या मुलाचं नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. पुढे महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला.

देबूजीच्या जन्मानंतर बावीस वर्षांनी, २७ डिसेंबर १८९८ ला, अमरावती जिल्ह्यातल्याच पापळ गावी शामराव आणि राधाबाई यांच्या पोटी पंजाबराव देशमुख जन्माला आले. घर शेतकऱ्याचंच. पण इथे बापाच्या मनात अपेक्षा होती आणि ती साधीसुधी नव्हती. गावातली शाळा संपली तेव्हा मुलगा चांदूर रेल्वेला गेला, मग कारंजा लाडला, मग अमरावतीच्या हिंदू हायस्कूलात, मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि १९२० साली थेट विलायतेला. चरित्रकार सांगतात की त्यासाठी शामरावांनी वावर गहाण टाकून कर्ज उचललं.

एकाच प्रदेशातली ही दोन बालपणं शेजारी ठेवली की मुलं वाढवण्याबद्दलच्या आपल्या नेहमीच्या चर्चेत काय निसटतं ते दिसू लागतं. लाड किती करायचे आणि धाक किती ठेवायचा, माया पातळ होऊ न देता अपेक्षा कशी ठेवायची, असं आपण विचारतो. या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: अपेक्षा सगळ्यांच्याच घरी भरपूर आहे, फक्त तिचं माप चुकतं. वऱ्हाडच्या गेल्या दीडशे वर्षांकडे पाहिलं तर असं दिसतं की बहुतेक लेकरांच्या वाट्याला माया आली, अपेक्षा आलीच नाही. कोणत्या मुलाकडून काय अपेक्षा करायची हे आईबापांच्या स्वभावावर फार थोडं ठरत होतं. जात, जमीन, कर्ज, मूल मुलगा की मुलगी, गावात शाळा कितवीपर्यंत, यांवर ते जास्त ठरत होतं. म्हणून हा विषय मानसशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे.

एक शब्द

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली इथे डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पालकांचे तीन प्रकार मांडले. एक, हुकूम सोडणारे. दुसरे, सगळं चालवून घेणारे. आणि तिसरे, ज्यांच्या अपेक्षा उंच असतात पण जे मुलाचं ऐकून घेतात, कारण सांगतात आणि जवळ घेतात. तिसऱ्या प्रकारच्या घरातली मुलं एकंदरीत बरी निघतात असा त्यांचा निष्कर्ष होता. १९८३ साली मॅकोबी आणि मार्टिन यांनी या मांडणीची चौकट केली: एका बाजूला अपेक्षा, दुसऱ्या बाजूला प्रतिसाद, आणि चार घरं. चौथं घर दुर्लक्ष करणाऱ्यांचं. आज पालकत्वावरची बहुतेक पुस्तकं आणि व्याख्यानं याच चौकटीवर उभी असतात.

या चौकटीला एक महत्त्वाचा आक्षेप १९९४ मध्ये रूथ चाओ यांनी घेतला. चिनी घरातले आईबाप या मोजपट्टीवर नेहमी हुकूमशहा ठरतात आणि तरी त्यांची मुलं शाळेत पुढे असतात, हे कसं? चाओ यांचं म्हणणं असं की चिनी भाषेत 'घडवणं' या अर्थाची जी कल्पना आहे तिच्यात काळजी आणि नियंत्रण वेगळे काढताच येत नाहीत. मुलामागे सतत असणं हीच तिथे माया. मोजपट्टी दुसऱ्या भाषेत तयार झाली, म्हणून तिला हे दिसलं नाही.

मराठीतही असा शब्द आहे: वळण. मुलाला वळण लावणं. अक्षरालाही वळण असतं आणि रस्त्यालाही. वळणाचं पाणी वळणावर जातं असं आपण म्हणतो तेव्हा त्यात जबरदस्ती अभिप्रेत नसते. कोणीतरी आधी चर खणून ठेवलेला असतो, बांध घातलेला असतो, हे त्यात गृहीत असतं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाण्यावर ओरडून ते वळत नाही. वळण लावायचं तर लावणाऱ्यालाच आधी खपावं लागतं.

ज्याच्याकडून अपेक्षा करायची त्याच्यासाठी अपेक्षा करणाऱ्यानं काय केलं, एवढा एक प्रश्न हाती घेऊन वऱ्हाडातल्या काही माणसांकडे पाहू.

कागद वाचता न येण्याची किंमत

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. दहा वर्षांच्या आत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, खामगाव, अकोला, अमरावती इथल्या बाजारपेठा फुगल्या. कापसाबरोबर उसनवारी आली, सावकाराची वही आली, कोर्ट आलं आणि स्टॅम्पाचा कागद आला. यापूर्वी अक्षरओळख नसलेल्या कास्तकाराचं फारसं अडत नव्हतं. आता अंगठा कशावर उठवतोय हे न कळण्याची किंमत वावर ही होती.

दापुऱ्याच्या चंद्रभान मामानं ही किंमत मोजली. जमीन सावकाराच्या कर्जात गेली. देबूजी तोवर मोठा झाला होता, १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्याचं लग्न झालं होतं, कष्टाला तो वाघ होता. पण कष्टानं कागद फिरत नाही हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. १ फेब्रुवारी १९०५ ला तो घर सोडून गेला. पुढची पन्नास वर्षं हातात खराटा, डोक्यावर गाडगं आणि तोंडी वऱ्हाडी बोली घेऊन तो महाराष्ट्रभर फिरला.

गाडगेबाबांच्या कीर्तनात लेकरांच्या शाळेचा विषय सतत येई. भांडी विकावी लागली तरी चालेल, भाकर हातावर घेऊन खा, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या, पण पोराला शाळेत घाला, या आशयाचं ते पुन्हापुन्हा सांगत. १९५६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे मृत्यूच्या महिना-दीड महिना आधी, मुंबईत वांद्र्याला झालेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात त्यांची पद्धत ऐकू येते. ते श्रोत्यांना प्रश्न विचारतात, उत्तर वदवून घेतात, टोचतात, हसवतात आणि मग पुन्हा टोचतात. हा धाक आहे, पण तो मुलांना नाही, बापांना आहे. बाबांची अपेक्षा पहिल्यांदा पालकाकडून होती. पोराला उंच उडी मारायला सांगण्याआधी तू दारू सोड, कर्ज काढून सण करू नको, देवाला बकरं कापू नको आणि वाचलेला पैसा पाटी-पुस्तकाला लाव. अपेक्षेचं ओझं आधी मोठ्यांच्या डोक्यावर ठेवणारी ही रीत आजच्या पालकत्वाच्या व्याख्यानांत क्वचित दिसते.

शिकलेल्यांच्या जगाशीही त्यांनी हात मिळवले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

या चित्राची दुसरी बाजूही मांडायला हवी. लोकांच्या लेकरांसाठी फिरणाऱ्या या माणसाची स्वतःची लेकरं बापाशिवाय वाढली. ते घरातून गेले तेव्हा संसार कुंताबाईंच्या गळ्यात पडला. मुलगा गोविंदा लहान वयात गेला. त्यांनी लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभारल्या, पण त्यांवर घरच्यांचा हक्क राहू नये याची काळजी घेतली. तत्त्व म्हणून हे थोरच आहे. पण वळण लावण्याच्या इतिहासात कुंताबाईंचं नाव येत नाही आणि माया नावाची जी रोजची, कंटाळवाणी, चुलीपाशी बसून करायची गोष्ट असते, ती त्यांच्याच वाट्याला आली होती. मोठ्या अपेक्षेच्या कहाण्यांमागे बहुतेक वेळा अशी एक बाई असते. पुढच्या कहाणीतही आहे.

गहाण वावर आणि श्रद्धानंद छात्रालय

पंजाबराव सहा वर्षं विलायतेत होते. एडिनबरोत शिकले, बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगम-विकासावर त्यांनी प्रबंध लिहिला. तो १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापला. पापळसारख्या गावातल्या शेतकऱ्याच्या मुलानं वेदांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिणं म्हणजे काय, हे त्या काळच्या समाजाच्या उतरंडीकडे पाहिल्यावरच कळतं. १९२६ मध्ये ते अमरावतीला परतले.

अशा मुलाकडून घरची पुढची अपेक्षा सरळ होती: वकिली चालवावी, कर्ज फेडावं, वावर सोडवावं. त्यांनी वकिली सुरू केलीही. पण त्याच वेळी अमरावतीत एक वसतिगृह काढलं. २३ डिसेंबर १९२६ ला दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांचा खून झाला होता. त्यांच्या नावानं हे श्रद्धानंद छात्रालय. सगळ्या जातींच्या मुलांनी इथे एकत्र राहायचं, एका पंगतीला जेवायचं. ज्या साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची चळवळ चालली होती त्याच १९२७ च्या आसपासची ही गोष्ट आहे, हे लक्षात घेतलं की एका पंगतीचा अर्थ कळतो. मंदिराचं दार उघडत नव्हतं, तेव्हा स्वयंपाकघराचं उघडलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पंजाबरावांचं विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय लग्न झालं. छात्रालय हा त्यांच्या संसाराचाच भाग होता. विमलाबाई स्वतः कायदा शिकल्या, पुढे राज्यसभेवरही गेल्या. मात्र छात्रालयाच्या सुरुवातीच्या वर्षांत पोरांच्या पोटाची आणि दुखण्याखुपण्याची चिंता वाहणारं माणूस म्हणून त्यांची आठवण ठेवली पाहिजे.

वसतिगृह ही महाराष्ट्रात तेव्हा नवी कल्पना नव्हती. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगं काढली होती. साताऱ्यात भाऊराव पाटलांचं सर्व जातींचं बोर्डिंग १९२४ मध्ये सुरू झालं. तिथे लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही हकिगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. भाऊरावांचा धाक मोठा होता. पोरांना कामही करावं लागे. पण पोरगं उपाशी आहे का हे पाहणारी नजर त्या धाकाच्या शेजारीच होती.

मराठी मनात माया आणि संस्कार यांचा मेळ म्हटलं की 'श्यामची आई' उभी राहते. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. कोकणातलं घर, गरीब होत गेलेलं ब्राह्मण कुटुंब, आणि प्रत्येक प्रसंगातून मुलाला घडवणारी आई. ते चित्र खरंच मोठं आहे. पण त्या घरात अक्षरं आधीपासून होती. अपेक्षा पिढ्यानपिढ्या चालत आलेली होती. आईचं काम तिला प्रेमाचा स्पर्श देणं हे होतं. वऱ्हाडातल्या कुणब्याच्या, महाराच्या, माळ्याच्या, परिटाच्या घरात आईची माया कमी नव्हती, पण रात्री अभ्यास कर म्हणण्यासाठी घरात दिवा, पुस्तक आणि अभ्यास म्हणजे काय हे माहीत असलेलं एक तरी माणूस लागतं. ते नव्हतं. कपाशी फुटली की लहान हात वेचणीला लागत, शाळेची हजेरी पडे. तिथे श्यामच्या आईचं काम एकट्या आईला झेपणारं नव्हतं. म्हणून वसतिगृह काढावं लागलं. त्यात घंटा होती, दिवा होता, भाकर होती, आणि तू शिकशील असं गृहीत धरणारा कोणीतरी होता. ज्या मुलाकडून कोणीच कधी काही मागितलं नाही, त्याच्यासाठी हे गृहीत धरणंच माया होतं.

पंजाबरावांनी हे एका इमारतीपुरतं ठेवलं नाही. १९२८ मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, तेव्हा प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याच्या आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याच्या मागे लागले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आज विदर्भातल्या कितीतरी शाळा आणि कॉलेजं तिची आहेत. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. १९६५ मध्ये ते गेले आणि चार वर्षांनी अकोल्याला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला पुढे त्यांचं नाव मिळालं.

या सगळ्या कामाची संगती मला अशी दिसते: शामरावांनी आपल्या एका पोरासाठी वावर गहाण टाकलं, म्हणजे एकट्या बापानं एकट्याच्या जोखमीवर जुगार खेळला. तो यशस्वी झाला. पण ज्या दहा बापांनी तसंच केलं आणि पोरगा नापास झाला, किंवा विलायतेऐवजी आजारानं घरी आला, त्यांची चरित्रं लिहिली जात नाहीत. पंजाबरावांनी बापाच्या खिशातली ही जोखीम काढून संस्थेच्या खिशात घातली. अपेक्षा उंचच ठेवली, फक्त तिची किंमत एकट्या घरानं मोजायची नाही अशी सोय केली. त्यामुळे पोरावर बापाच्या कर्जाचं ओझं कमी झालं आणि बापालाही पोराशी नुसतं बाप म्हणून वागता येऊ लागलं.

अमरावतीहून गेलेली एक बाई

वऱ्हाडच्या या कहाणीत सहसा न सांगितलं जाणारं एक नाव आहे: ताराबाई मोडक. मुंबईच्या प्रार्थना समाजी केळकरांच्या घरात १८९२ मध्ये जन्मलेल्या ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न करून इथे आल्या. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या, राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या आणि १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. तिथे मॉन्टेसरी पद्धतीवर काम चालू होतं. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत काढलेल्या बालगृहातून निघालेली ती पद्धत.

ताराबाईंनी आयुष्यभर भांडण मांडलं ते दुसऱ्या टोकाशी. जिथे अपेक्षा भरपूर आहे, पाठांतर आहे, छडी आहे, पण समोरचं मूल कोणाला दिसतच नाही, त्या मध्यमवर्गीय घराशी आणि शाळेशी. शिक्षणपत्रिकेच्या मराठी आवृत्तीतून त्या पालकांशी बोलत राहिल्या. मारू नका, आमिष दाखवू नका, मुलाला स्वतःच्या हातानं काम करू द्या. याचा अर्थ मोकाट सोडा असा अनेकांनी लावला आणि आजही लावतात. प्रत्यक्षात मॉन्टेसरीच्या वर्गात शिस्त कडक असते: वस्तू जागेवर ठेवायची, दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची नाही, हाती घेतलेलं काम पुरं करायचं. फक्त ती शिस्त ओरडून येत नाही. खोलीची मांडणी, वस्तूंचा आकार, शिक्षिकेचं शांत निरीक्षण यातून येते. चर आधी खणलेला असतो.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई शहरातलं काम मागे ठेवून बोर्डीला गेल्या आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ. वारली पोरं शाळेत येईनात, कारण दिवसभर ती गुरं राखत. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा असं तिचं नाव. अंगणात भरणाऱ्या बालवाडीला अंगणवाडी हे नाव मिळालं तेही इथेच, आणि आज तो शब्द देशभर चालतो. गुराखी पोराकडून शिकण्याची अपेक्षा ठेवायची तर गुरं कोणी राखायची याचं उत्तर आधी शोधावं लागतं, हे त्यांना कळलं होतं. साठ वर्षं आधी दापुऱ्याच्या माळावर कोणी कुरणशाळा काढली असती तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

वझ्झर

या परंपरेतलं आजचं उदाहरण परतवाड्याजवळ वझ्झर इथे आहे. शंकरबाबा पापळकर हे गाडगेबाबांच्या विचारानं भारावलेले, एकेकाळी पत्रकारिता केलेले गृहस्थ. रेल्वे स्थानकांवर, कचराकुंडीत, रस्त्यावर टाकून दिलेली अंध, मूकबधिर, मतिमंद मुलं त्यांनी आपली म्हणून वाढवली. १२३ मुलामुलींच्या नावापुढे बाप म्हणून त्यांचं नाव आहे. बालगृहाला अंबादासपंत वैद्यांचं नाव आहे. हे वैद्य म्हणजे १९१४ मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढणाऱ्या भावांपैकी एक. २०२४ मध्ये शंकरबाबांना पद्मश्री मिळाली.

टाकून दिलेल्या अपंग मुलाबद्दल समाजाची नेहमीची भावना दयेची असते. दया ही माया वाटते, पण तिच्यात अपेक्षा शून्य असते. वझ्झरला तसं नाही. इथल्या मुलांनी उजाड माळावर हजारो झाडं लावली आणि जगवली. ज्याला जे जमेल ते काम त्यानं करायचं. ज्याला काहीच जमत नाही त्याला सांभाळायचं काम दुसऱ्या मुलाचं. मुली शिकल्या, काहींची लग्नं झाली, काही नोकरीला लागल्या. इथे वाढलेल्या एका अंध मुलीनं २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा पार केली.

शंकरबाबांचा सरकारशी जुना वाद आहे. नियमाप्रमाणे बालगृहातल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की बाहेर पडावं लागतं. त्यांचं म्हणणं, कोणता बाप अपंग लेकराला अठराव्या वाढदिवशी घराबाहेर काढतो? या मुलांना आयुष्यभर आसरा देणारा कायदा हवा. वादात नियमाची बाजूही आहे. संस्थांवर वयाची मर्यादा घालण्यामागे मुलं कायमची डांबली जाऊ नयेत हा हेतू असतो. पण त्यांच्या आग्रहातून एक गोष्ट हाती लागते. उंच अपेक्षा ठेवण्याचा हक्क त्यालाच आहे जो अपयशानंतरही दार बंद करणार नाही. ज्या मुलीनं परीक्षा दिली तिला नापास झाली असती तरी परत यायला घर होतं. मला वाटतं, तिच्या यशात या गोष्टीचा वाटा मोठा असावा.

आता

आज अकोल्यात कोचिंग क्लासेसचं मोठं जाळं आहे. अकोला, बुलढाणा, वाशीमच्या खेड्यांतून पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला इथे येतात. अमरावतीतही तेच. कित्येक घरांत आई पोरासोबत शहरात खोली करून राहते, डबा करते, आणि बाप गावाकडे वावर पाहतो. फी भरायला कोणी दागिने मोडतं, कोणी एकरभर काढून टाकतं. ज्या पश्चिम विदर्भात गेली पंचवीस-तीस वर्षं कर्जबाजारी कास्तकारांच्या आत्महत्या होत आहेत, त्याच विदर्भात हे चाललं आहे.

वरून पाहिलं तर ही शामरावांचीच कहाणी वाटते, आणि ती तशी सांगितलीही जाते. बापानं जमीन गहाण टाकली, पोरानं नाव काढलं. व्यासपीठावरून अशा गोष्टी ऐकवल्या जातात, पोरं टाळ्या वाजवतात आणि खोलीवर जाऊन पुस्तकात डोकं खुपसतात. पण पंजाबरावांच्या आयुष्याचा अर्धाच भाग यात येतो. त्यांनी परत येऊन जो दुसरा भाग केला, म्हणजे जोखीम घराच्या डोक्यावरून काढून समाजाच्या डोक्यावर देणं, तो मागे पडला आहे. छात्रालयाच्या जागी आता भाड्याची खोली आहे. सरकारची डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांसाठी आहे, तिचा आधार होतोही. पण भत्ता म्हणजे पैसे. पंगतीला शेजारी बसणारं, दोन दिवस जेवला नाहीस म्हणून विचारणारं माणूस भत्त्यात येत नाही.

सतरा वर्षांच्या पोराला आपल्या पाठीमागे एकर गेलाय हे ठाऊक असतं तेव्हा बापानं फोनवर कितीही मायेनं 'टेन्शन घेऊ नको' म्हटलं तरी ते पोचत नाही. बाप वाईट नसतो, धाकही लावत नसतो. कर्जच बोलत असतं. अशा घराला बॉमरिंडबाईंच्या चौकटीतलं तिसरं घर गाठायला सांगणं, थोडं जास्त जवळ घ्या, थोडं कमी रागवा असं व्याख्यान देणं, म्हणजे चर न खणता पाण्याला वळायला सांगणं आहे.

मग आईबापांनी हातावर हात ठेवून बसायचं का? तसं नाही. एक बोलणं कोणत्याही घराला परवडतं आणि ते निकालाच्या आधी करावं लागतं. लेकराला साध्या शब्दांत सांगायचं की वावराचा हिशेब तुझ्या मार्कांशी जोडलेला नाही, तो आम्ही केलेला सौदा आहे आणि त्याचं बरंवाईट आमच्याकडे. पेपर बिघडला तर गाडी पकडून घरी ये. हे सांगितल्यानं पोरगं ढिलं पडेल अशी भीती असते. परंतु ज्याला पडल्यावर घर आहे तोच उंच झाडावर चढायला धजतो, हे गावाकडच्या कोणत्याही पोट्ट्याला विचारून पाहावं. दुसरं काम घराबाहेरचं आहे. तालुक्याच्या गावी, जातीपातीच्या पलीकडे, स्वस्त आणि जितीजागती वसतिगृहं पुन्हा उभी करणं. शहरात स्थिरावलेल्या, एकेकाळी अशाच वसतिगृहांतून वर आलेल्या पिढीचं ते देणं आहे.

१९८३ मध्ये अमरावतीला विद्यापीठ झालं आणि आता ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीमच्या लाखो मुलामुलींच्या पदवीवर त्या गुराख्याचं नाव छापलेलं असतं, ज्याच्याकडून दापुऱ्यात कोणी काहीच मागितलं नव्हतं. त्यानं स्वतः मागितलं ते मोठ्यांकडून. लेकरांची माया असेल तर आधी तुम्ही काय सोडता, काय करता ते सांगा, असा त्याच्या कीर्तनाचा रोख होता. तो प्रश्न विचारणारं कीर्तन वऱ्हाडात पुन्हा व्हायला हवं आहे.